मांजरीला फीट आली तर काय करायचं: खेड्यात राहणाऱ्यांसाठी

आमच्या कवडीला पहिला झटका आला तो पोळ्याच्या पाच-सहा दिवस आधी, रात्री साडेदहाला. चुलीजवळ पोत्यावर झोपली होती. एकदम आडवी पडली, चारही पाय लाकडासारखे ताठ झाले आणि मग पाण्यात पोहल्यासारखे हलायला लागले. जबडा कडकड वाजत होता, तोंडाला फेस, खाली लघवी. मी घाबरून तिला उचलायला गेले तर तिचा सुळा माझ्या अंगठ्यात रुतला. आरडाओरडा ऐकून शेजारपाजारचे धावत आले. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल आणली. एक काकी म्हणाल्या, "मांजरीले डाक्टर कायले लागते वं, बाहेरचं हाय हे." झटका दोन-तीन मिनिटांत थांबला असावा. घड्याळ मात्र कुणीच पाहिलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला: किती वेळ चालला?

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून बरंच आत. गुरांचा दवाखाना जवळ आहे, पण मांजर घेऊन येणारं तिथं क्वचितच कुणी दिसतं. कवडीला गोळ्या सुरू होऊन आता तीन वर्षं झाली. ती उंदीर मारते, कौलांवर चढते, सासूबाईंच्या पायाशी झोपते. मी पशुवैद्य नाही. या तीन वर्षांत डॉक्टरांकडून आणि चुकतमाकत जे शिकले ते क्रमानं लिहिते आहे. तुमच्या मांजरीला आत्ता, या घडीला झटका चालू असेल तर सरळ दुसऱ्या पायरीवर जा.

१. हा झटकाच आहे का, ते ओळखा

फीट, झटका, मिरगी, फेफरं, आकडी ही सगळी एकाच गोष्टीची नावं. मेंदूतल्या पेशी अचानक एकदम बेताल संदेश सोडायला लागतात आणि शरीर त्यांच्या ताब्यात जातं. डॉक्टर मात्र मिरगी किंवा अपस्मार हा शब्द झटके पुन्हा पुन्हा येत असतील तेव्हा वापरतात.

कवडीला आला तो पूर्ण शरीराचा झटका, तो कुणालाही कळतो. मांजरींमध्ये अर्धवट झटकेही बरेच दिसतात आणि ते नजरेतून सुटतात. चेहऱ्याची एकच बाजू फडफडते, कान किंवा मिशा थरथरतात, लाळ गळते, काही खात नसताना चघळल्यासारखं तोंड हलतं. कधी मांजर एका जागी टक लावून बसते आणि हाक मारली तरी भानावर येत नाही. कधी काहीही कारण नसताना भिंतीवर आदळत सैरावैरा पळते. पहिल्या मोठ्या झटक्याआधी दोनतीनदा कवडीचा डावा गाल असा उडताना मी पाहिला होता, माशी बसली असेल म्हणून सोडून दिलं.

नव्यानं मांजर पाळणाऱ्यांचा गोंधळ होतो तो इथं:

झोपेत पाय आणि मिशा हलत असतील आणि हाक मारल्यावर मांजर जागी होत असेल तर ते स्वप्न. माजावर आलेली मांजर जमिनीवर लोळते, मागचा भाग वर करते, रात्रभर ओरडते. ती शुद्धीत असते, तिला काही झालेलं नाही. कानाच्या आजारात मान एका बाजूला कलते आणि तोल जातो, तो प्रकार तासन्‌तास तसाच राहतो. मांजर एकदम ढिली पडली आणि काही सेकंदांत उठून चालायला लागली तर ती हृदयाची भोवळ असू शकते, तीही डॉक्टरांना सांगा.

२. झटका चालू असताना

पहिलं काम घड्याळ बघणं. वेळ मोठ्यानं म्हणा, "दहा वाजून चोवीस मिनिटं", म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात राहील.

दुसरं काम मोबाइलवर व्हिडिओ काढणं. मांजरीला बघायचं सोडून व्हिडिओ काढायचा हे मनाला पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. पण तुम्ही तालुक्याला पोचेपर्यंत मांजर शांत झालेली असते, आणि डॉक्टरांना तुमच्या शब्दांवरून अंदाज बांधावा लागतो. वीस सेकंदांचा व्हिडिओ अर्ध्या तासाच्या सांगण्यापेक्षा जास्त कामाचा. त्यात तोंड, डोळे आणि चारही पाय दिसू द्या.

तिसरं, आजूबाजूचं हटवा. चूल, गरम दुधाचं पातेलं, विळी, पाण्याचं टाकं, ओट्याची कड. मांजर उंचावर असेल तर तिच्याखाली गोधडी सरकवून गोधडीसकट अलगद खाली ओढा. टीव्ही, मिक्सर बंद करा, मोठा दिवा मालवा, पोरांना बाहेर काढा.

हे अजिबात करू नका:

तिला दाबून धरू नका. धरल्यानं झटका थांबत नाही, हाड मात्र मोडू शकतं. तोंडात बोट, चमचा, काडी घालू नका. मांजर जीभ गिळत नाही, जबडा इतक्या जोरानं मिटतो की तुमचं बोट फुटतं. तोंडात पाणी, दूध, तूप, औषध काहीच ओतू नका, ते फुप्फुसात जातं. कांदा, चप्पल, लोखंडाची किल्ली यांनी काहीही होत नाही. झटका चालू असताना हातात काहीतरी धरल्याचं समाधान माणसांना मिळतं, एवढंच. तापल्या विळ्यानं डाग द्यायला निघालेल्या म्हाताऱ्यांना मात्र हात जोडून थांबवा. डागाची जखम चिघळते आणि मेंदूतल्या बिघाडाला तिचा काही उपयोग नाही.

बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. खालच्या तीन परिस्थितींत वाट बघत बसू नका, गाडी काढा:

झटका ५ मिनिटांच्या पुढे गेला.
२४ तासांत दोन किंवा जास्त झटके आले.
एक झटका संपून मांजर पूर्ण भानावर यायच्या आत दुसरा सुरू झाला.

लांबलेल्या झटक्यात अंग तापतं आणि त्या तापानंही मेंदूला इजा होते. वाटेत पंख्याचा वारा द्या, पंजांना आणि पोटाला साध्या पाण्याचं फडकं लावा. बर्फ नको.

३. झटका थांबल्यावर

थांबल्यावर मांजर आपली राहत नाही. काही मिनिटं, कधी काही तास, ती माणूस ओळखत नाही. काहींना थोडा वेळ दिसतच नाही. भिंतीला धडकतात, गोल गोल फिरतात, कोपऱ्यात घुसतात, उपाशी असल्यासारख्या अन्नावर तुटून पडतात. अशा वेळी विहिरीच्या काठाकडे किंवा रस्त्याकडे निघालेली मांजर हातची जाते. मी कवडीला कोंबड्या झाकायच्या मोठ्या डाल्याखाली ठेवते, आत मऊ पोतं, वरून ओढणी. अंधार असला की ती लवकर शांत होते.

सरळ चालायला लागली आणि हाकेला कान वळवला की मगच पाणी, मग थोडं खाणं. घरात दुसरी मांजर किंवा कुत्रा असेल तर वेगळं ठेवा, झटक्यातून उठलेल्या मांजरीवर घरचीच जनावरं धावून जातात.

४. विष शोधा, आणि ते आधी शोधा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या भागात निरोगी मांजरीला अचानक झटके आले तर सगळ्यात आधी संशय गोठ्यावर आणि फवाऱ्यावर घ्यायला हवा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तीच औषधं, तेच डबे आपल्या घरात मांजरीच्या वाटेवर ठेवलेले असतात. तिचं वजन तीन-चार किलो. ती अंग चाटून स्वच्छ करते, म्हणजे अंगाला जे लागलं ते पोटात जातंच.

गोचिडाचं औषध. गायी-बैलांना लावायच्या बऱ्याच औषधांत सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, फ्लुमेथ्रिन असतं; कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन. नावाच्या शेवटी "थ्रिन" दिसलं की ते औषध मांजरीपासून लांब ठेवायचं, एवढी खूण लक्षात ठेवा. गायीला, कुत्र्याला जे चालतं ते मांजरीला चालत नाही, कारण तिच्या यकृतात ही द्रव्यं फोडून बाहेर टाकायची यंत्रणा फार दुबळी असते. आमच्याकडे कवडीच्या आधी भुऱ्या नावाचा बोका होता. त्याच्या कानामागे गोचीड दिसले म्हणून बैलांचंच औषध बोळ्यानं त्याला लावलं. माप थोडंसंच घेतलं होतं. चार-पाच तासांत कान फडफडायला लागले, मग सगळं अंग थरथरायला लागलं, मग झटके. तेव्हा काय करायचं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं आणि सकाळपर्यंत तो गेला. त्याचं दुःख अजून आहे, म्हणून ही ओळ नीट वाचा: असं औषध अंगाला लागलेलं कळलं आणि मांजर शुद्धीवर असेल तर लगेच कोमट पाण्यानं आणि भांडी घासायच्या पातळ साबणानं अंग धुवा, दोनदा धुवा, टॉवेलनं कोरडं करा, ऊब द्या आणि दवाखाना गाठा. साबण भांड्यांचाच हवा, कारण औषध तेलकट असतं. पाणी कडकडीत नको, फार गारही नको. अमिट्राझ असलेलं गोचिडाचं औषधसुद्धा मांजरीला लावू नये.

पऱ्हाटीवरची, म्हणजे कपाशीवरची फवारणी. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या जातीच्या औषधांची विषबाधा वेगळी दिसते: तोंडातून लाळेची धार, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, जुलाब, पुन्हा पुन्हा लघवी, घरघर, अंग उडणं आणि मग झटके. यावर ॲट्रोपीनचं इंजेक्शन हा उतारा आहे. गुरांच्या विषबाधेतही तेच लागतं, म्हणून गुरांच्या दवाखान्यात ते असण्याची शक्यता चांगली, आधी फोन करून विचारा. सोबत औषधाचा डबा किंवा निदान लेबलाचा फोटो न्या. लेबलावर रंगीत चौकट असते. लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळी, निळी, हिरवी. वावरातून आल्यावर फवारणीचे कपडे मांजर बसते त्या बाजेवर टाकू नका, आणि पंप धुतलेलं पाणी अंगणात सोडू नका.

उंदराचं औषध. काळपट करडी पूड, लसणासारखा वास, ते झिंक फॉस्फाइड. पोटात गेल्यावर त्याचा विषारी वायू होतो, झटके येतात आणि खेळ लवकर संपतो. मांजरीनं घरी ओकारी केली तर दारं-खिडक्या उघडा, तो वायू माणसालाही बाधतो. मीठ-पाणी पाजून ओकायला लावू नका. धान्याची कोठी राखायला मांजर पाळली असेल तर कोठीत हे औषध ठेवायचं नाही, दोन्हींपैकी एकच काहीतरी.

घरातलं बाकी विष: कापूर, डांबर गोळ्या, निलगिरीचं तेल. पिसवांसाठी कापूर-तेल चोळायची सवय आपल्याकडे आहे, मांजरीला ते झटके आणू शकतं. पॅरासिटामॉल तर झटक्यांच्या आधीच जीव घेतं, एका गोळीत मांजर मरू शकते. ताप वाटला म्हणून देऊ नका.

उन्हाळ्यात आणखी एक कारण जोडा. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूर या बाजूला पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि टिनाच्या खोलीत अडकलेली मांजर उष्माघातानं झटके देते. तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल तर साध्या पाण्यानं भिजवा, पंखा लावा, निघा.

५. पिसाळण्याचा संशय असेल तर हात लावू नका

मांजर बाहेर फिरणारी आहे, रेबीजची लस कधी दिलेली नाही, मागच्या काही आठवड्यांत कुत्र्या-कोल्ह्याशी झटापट झाली किंवा अंगावर चावा दिसला, आणि आता झटक्यांसोबत स्वभाव पालटलाय, आवाज बदललाय, लाळ गळते, उगाच अंगावर येते किंवा मागचे पाय लुळे पडत चाललेत. असं असेल तर उपचाराचा विचार बाजूला ठेवा. मांजरीला खोलीत बंद करा, पोरांना लांब ठेवा आणि पशुवैद्यांना फोन करून तसं स्पष्ट सांगा.

साध्या फीटमध्ये मांजर चावली तरी तेच करायचं जे मी अंगठ्याचं केलं, तेही डॉक्टर रागावल्यावर दुसऱ्या दिवशी: जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस सुरू करायची. हळद, चुना, मिरची भरू नका. पुढच्या सुयांच्या तारखा चुकवू नका, कापूस वेचायचे दिवस असले तरी.

६. कुठं न्यायचं आणि सोबत काय न्यायचं

जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना पहिला. तिथल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांचा हात गायी-म्हशींवर बसलेला असतो, पण पदवी तीच आहे आणि झटका थांबवायचं इंजेक्शन, सलाईन, ॲट्रोपीन ही कामं तिथं होऊ शकतात. पर्यवेक्षक आहेत की डॉक्टर स्वतः आहेत, एवढं आधी विचारून घ्या. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची सोय आहे. ती मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, तरी रात्री-अपरात्री जवळ कोण डॉक्टर मिळेल हे विचारायला फोन करून बघायला हरकत नाही.

पुढच्या तपासण्यांसाठी जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, आणि त्याहून पुढे नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. पश्चिमेकडच्या लोकांना अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळ पडते. दोन्ही महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या आहेत आणि तिथं कुत्र्या-मांजरांना शिकलेल्या नजरेनं तपासतात. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून बाह्यरुग्ण विभागाची वेळ आदल्या दिवशी विचारा. आम्ही पहिल्यांदा दुपारी पोचलो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत नातेवाइकांकडे मुक्काम करावा लागला.

पिशवीत हे असू द्या:

झटक्याचा व्हिडिओ, आणि वेळ-तारखांची वही.
लसीकरणाचं कार्ड, नसेल तर "लस दिलेली नाही" हे खरं सांगायची तयारी.
आधीच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांचं पाकीट.
मागच्या आठवड्यात घरात, गोठ्यात, वावरात वापरलेल्या प्रत्येक औषधाच्या लेबलाचा फोटो.
मांजरीचं वजन. किराणा दुकानाच्या काट्यावर टोपलीसकट ठेवा, मग टोपलीचं वजन वजा करा.
जाड टॉवेल, जुनी गोधडी, पाणी.

न्यायला झाकणाची टोपली किंवा भोकं पाडलेला खोका, झाकण दोरीनं बांधून. मोटरसायकलवर मांजर मांडीवर घेऊन जाऊ नका, वाटेत झटका आला तर दोघंही पडाल.

७. कारण शोधताना डॉक्टर काय बघतात

झटका ही आतल्या कशाची तरी खूण असते. रक्तातली साखर, मूत्रपिंड, यकृत, रक्तातल्या पेशी हे आधी तपासतात. उपाशी राहिलेल्या लहान पिलाला साखर उतरल्यानं झटके येतात. झटका थांबल्यावर साखरेचं पाणी बोटानं हिरड्यांना चोळायचं आणि निघायचं. म्हाताऱ्या मांजरीत रक्तदाब, मूत्रपिंड, मेंदूतली गाठ हे संशय वर येतात. डोक्याला मार, टोक्सोप्लाझ्मासारखे जंतू, मांजरींचा एफआयपी नावाचा विषाणूजन्य आजार हीसुद्धा कारणं आहेत. सगळं ठीक निघालं आणि मांजर एक ते सात वर्षांच्या दरम्यान असली तर कारण न सापडणारा अपस्मार म्हणतात. कवडी त्यातली. एमआरआय मोठ्या शहरांत, मोजक्या ठिकाणी होतो आणि त्यासाठी भूल द्यावी लागते. डॉक्टरांनी "आधी गोळीला कसा प्रतिसाद देते बघू" म्हटलं तर ते तुम्हाला टाळत आहेत असं समजू नका.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या गावांत मांजरीला रोज कच्चे मासे टाकतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम. गोड्या पाण्यातल्या बऱ्याच माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. फक्त कच्च्या माशांवर असलेली मांजर आधी खाणं सोडते, मग तिची मान छातीकडे झुकते, चाल डगमगते, झटके येतात. वेळेत बी-१ चं इंजेक्शन मिळालं तर अशी मांजर लवकर सुधारते. मासे शिजवले की ते द्रव्य निकामी होतं.

आणि दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मांजरीला ताटली-चमच्याच्या खणखणाटानं किंवा चुरगाळलेल्या कागदाच्या आवाजानं झटके येत असतील तर ते आवर्जून सांगा. आवाजानं येणारे झटके हा मांजरींमधला ओळखलेला प्रकार आहे आणि त्याचं औषध वेगळं निवडतात.

८. गोळ्या सुरू झाल्यावर

एकच छोटा झटका आला म्हणून लगेच गोळी देत नाहीत. सहा-आठ आठवड्यांत एकापेक्षा जास्त वेळा आले, एका दिवसात लागोपाठ आले, किंवा पाच मिनिटांवर गेले तर सुरू करतात. बहुधा फेनोबार्बिटोन, दिवसातून दोनदा, दर १२ तासांनी. ही माणसांचीच गोळी आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि चिठ्ठीवर तारीख, जनावराचं नाव आणि डॉक्टरांचा शिक्का नसला तर मेडिकलवाले परत पाठवतात. साडेतीन किलोच्या कवडीला ३० मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर पुरतो, यावरून तुमच्या मांजरीचं माप ठरवू नका. पण एवढ्याशा तुकड्यात चूक होणं किती सोपं आहे ते लक्षात येईल. नखानं किंवा सुरीनं तोडलेले तुकडे लहान-मोठे होतात, गोळी कापायचं प्लॅस्टिकचं कटर घ्या.

पहिले दोन-तीन आठवडे मांजर सुस्त राहते, मागचे पाय लटपटतात, भूक वाढते. मला वाटलं गोळीनं तिला अधू केलं, आणि चौथ्या दिवशी मी स्वतःच्या मनानं गोळी बंद केली. पाचव्या दिवशी तिला एकापाठोपाठ तीन झटके आले. ही गोळी एकदम बंद केली की झटके उसळून येतात, कमी करायची तर काही आठवडे-महिने घेऊन हळूहळू आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. सुस्ती आपोआप कमी झाली. चेहरा खाजवून रक्त काढणं, अंगावर गाठी, अचानक खाणं सोडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं हे मात्र लगेच कळवा.

दोन-तीन आठवड्यांनी रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासतात. औषध माणसांचंच असल्यानं नमुना माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबकडूनही तपासून मिळतो, रक्त मात्र पशुवैद्यांनी काढायचं.

दुसरं औषध लेव्हेटिरासिटाम. सुस्ती कमी, पण सहसा दर आठ तासांनी द्यावं लागतं. रोवणी-वेचणीच्या दिवसांत दुपारी घरी कोण असतं, याचा विचार करून डॉक्टरांना खरं काय ते सांगा. न जमणारं वेळापत्रक कागदावर घेऊन येण्यात अर्थ नाही.

दोन औषधांबद्दल सावध राहा. कुत्र्याच्या मिरगीला देतात ते पोटॅशियम ब्रोमाइड मांजरीच्या फुप्फुसांना सूज आणतं. आणि घरातली झोपेची डायझेपामची गोळी तोंडावाटे दिल्यानं काही मांजरींचं यकृत निकामी होतं. दवाखान्यात झटका थांबवायला तेच औषध इंजेक्शनानं देतात ती वेगळी गोष्ट, ते डॉक्टरांचं काम.

गोळी भरवायची रीत: मांजरीला टॉवेलात पोळीच्या सुरळीसारखं गुंडाळा, डोकं बाहेर. डोकं थोडं वर, खालचा जबडा बोटानं उघडा, तुकडा जिभेच्या मागच्या भागावर, तोंड मिटून गळा चोळा, मग सुई काढलेल्या सिरिंजनं दोन-तीन मिलिलिटर पाणी गालाच्या बाजूनं हळूहळू. तुकडा आधी तुपात बुडवला की घशाला चिकटत नाही. उकडलेल्या अंड्याच्या बलकात लपवून कवडी खाते, पण मी तोंड रिकामं झालेलं बघितल्याशिवाय उठत नाही. गोळी कुस्करून भातात कालवू नका. कडू लागते, अर्धा भात ताटलीत राहतो आणि अर्धं औषधही.

एखादी वेळ चुकली तर आठवताच द्या, पण पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.

झटके पूर्ण बंद होतीलच असं धरून चालू नका. निम्म्याहून कमी झाले तरी डॉक्टर औषध लागू पडलं म्हणतात. कवडीला आधी महिन्यात दोन-तीन यायचे, आता चार-पाच महिन्यांत एखादा.

९. वही

शाळेची साधी चाळीस पानी वही. प्रत्येक झटक्याला एक ओळ: तारीख, वेळ, किती मिनिटं, कसा दिसला, भानावर यायला किती वेळ, आदल्या दिवसात काय वेगळं झालं. गोळीच्या वेळेसमोर बरोबरची खूण. आमच्या वहीत दुसऱ्या वर्षी दिसून आलं की तिचे बरेच झटके माजाच्या दिवसांत येत होते. ते पान पाहून डॉक्टरांनी तिची नसबंदी करायला सांगितली. भूल देणाऱ्यांना मिरगीची गोळी चालू असल्याचं आधी सांगा आणि ऑपरेशनच्या सकाळी गोळी द्यायची का ते विचारून ठेवा.

१०. गोळ्या संपू देऊ नका

तालुक्याच्या मेडिकलात ही गोळी नेहमी असतेच असं नाही, मागवायला तीन-चार दिवस लागतात. पोळा, दिवाळी, लग्नसराई आणि नाल्याला पूर येतो ते पावसाळ्याचे दिवस धरून मी दहा दिवसांचा साठा उरला की पुढचं पाकीट आणते. पाकीट डब्यात, डबा कपाटात, उंदीर आणि पोरं पोचणार नाहीत अशा जागी. गावाला जायचं असेल तर तुकडे आधीच कापून चौकोनी कागदी पुड्यांत ठेवते, प्रत्येक पुडीवर वार आणि "सकाळ" किंवा "रात्र" लिहून, आणि पुड्या, वही, डॉक्टरांचा नंबर शेजारच्या काकींकडे देते. आठ वाजता त्या हाक मारतात, "ये वं कवडे, गोयी घे," आणि अंड्याचा बलक बोटावर धरून ओट्यावर बसतात.